चुन्याची निवळी

घरात पाणी म्हटलं की आम्हा चिपळूणकरांच्या पोटात गोळा येतो. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी पहाटे आमच्या अंगणात आलं आणि दुपारपर्यंत खालच्या खोल्यांत पंख्याच्या पात्यांना लागलं. आम्ही दोघं माडीवर बसून जिन्याच्या पायऱ्या मोजत होतो. आता सातवी गेली, आता आठवी. लाईट नाही, फोन नाही, प्यायला एक कळशी पाणी आणि खाली सगळीकडे पाणीच पाणी. पुढचा महिना चिखल उपसण्यात गेला. त्या चिखलात माझ्या लग्नातला पितळी हंडा सापडला, दुकानाच्या हिशोबाच्या वह्या मात्र लगदा होऊन गेल्या. त्याच दिवसांत शेवाळलेल्या चिऱ्याच्या पायरीवरून मी घसरले आणि उजवं मनगट मोडलं. प्लास्टर घालताना डॉक्टर म्हणाले, एवढ्याशा पडण्यानं हाड मोडायला नको होतं. तपासणी झाली. हाडं ठिसूळ झाली होती. कॅल्शियमच्या गोळ्या आणि आठवड्याला एक ‘ड’ जीवनसत्त्वाची, अशी चिठ्ठी मिळाली. ती मी कपाटात ठेवली. घरात इतकं काही वाहून गेलेलं असताना हाडांकडे कोण बघतं?

या सगळ्यामुळे पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये धाकट्यानं शारजाहून फोनवर फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, ‘अम्मी, हॉलमध्ये तीनशे लिटर पाणी भरलंय,’ तेव्हा मी त्याला लगेच फोन लावला. म्हटलं, “डोकं ठिकाणावर आहे का तुझं? इथं माणसं घरातलं पाणी बाहेर काढता काढता म्हातारी झाली आणि तू पैसे देऊन आत भरतोयस?”

तो हसला. आधी त्याच्याकडे लहानशी पेटी होती. लॉकडाऊनमध्ये घरात अडकून पडल्यावर लागलेला नाद. आता चार फुटी टँक घेतला होता. गोड्या पाण्यातल्या माशांचा नाही, खाऱ्या पाण्याचा. आणि त्यात मासे मोजून चार. बाकी सगळी पोवळी. जिवंत.

पोवळं म्हणजे आमच्यासाठी अंगठीतला लाल खडा. मरजान हा शब्द लहानपणापासून सूरह रहमानच्या तिलावतीत ऐकलेला. काही मुफस्सिरांनी त्याचा अर्थ बारीक मोती असा घेतला आहे, पण आमच्या उस्तादजींनी पोवळं असंच शिकवलं होतं. ते पोवळं मुळात एका जिवाचं घर असतं, तोंड उघडून खातं, रात्री वेगळं आणि दिवसा वेगळं दिसतं, हे मला साठीला टेकल्यावर कळलं. तेही फेब्रुवारी २०२३ मध्ये, दोन महिन्यांसाठी त्यांच्याकडे गेले तेव्हा. ह्यांना दुकान सोडवेना, म्हणून मी एकटीच गेले.

पहिल्या संध्याकाळी सुनेनं मला टँकसमोर खुर्ची दिली. निळसर उजेडात खडकांवर हरणाच्या शिंगांसारख्या फांद्या, टोकाला जांभळ्या. “हे अ‍ॅक्रोपोरा,” नात म्हणाली. वय वर्षं सात, पण बोलणं मास्तरणीसारखं. “हे अब्बूंनी आणलं तेव्हा माझ्या अंगठ्याएवढं होतं. आता तुमच्या हाताएवढं आहे, दादी.” मी तळहात काचेला लावून पाहिला. खरंच तेवढं होतं. ते इंडोनेशियात समुद्रातल्या शेतात लावून वाढवलेलं, रीतसर कागदांसह आलेलं होतं. लेकाला त्याचा अभिमान. समुद्रातून ओरबाडून आणलेलं तो घरात घेत नाही.

मी विचारलं, “मग आपल्याकडे नसतात का ही?” तर म्हणाला, “आहेत की. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास पाण्याखाली आहेत. १९८७ पासून तिथं सागरी अभयारण्य आहे. आणि विजयदुर्गपासून शंभरेक किलोमीटर आत भर समुद्रात आंग्रिया बँक नावाचं मोठं पठार आहे पाण्याखाली, कान्होजी आंग्र्यांच्या नावाचं. तिथं तर जंगलच आहे पोवळ्यांचं. पण आपल्या कायद्यात प्रवाळाला वाघाच्या रांगेत बसवलंय. हात लावायचा नाही.” रत्नागिरीला झाडगावचं मत्स्यालय बघायला मी शाळेच्या सहलीबरोबर गेले होते, तिथं पोवळी पाहिल्याचं काही आठवेना. आठवतो तो फक्त देवमाशाचा भलामोठा सांगाडा. लहानपणी मोठ्या हाडांकडेच लक्ष जातं.

धाकटा समुद्रातल्या तेलविहिरीवर काम करतो. पंधरा दिवस तिकडे, पंधरा दिवस घरी. सून शाळेत शिकवते. तो नसताना टँकचं सगळं तीच बघत असे. सकाळी सहाला घर सोडायचं, तीनला परत, मग स्वयंपाक, नातीचा अभ्यास, आणि त्यातच हे पाण्याचं लेकरू. मी म्हटलं, मी दिवसभर बसूनच असते, मला शिकवा. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. शेवटी सोमवार आणि गुरुवारची तपासणी माझ्याकडे आली.

तपासणी म्हणजे काय, तर पाच मिलिलिटर पाणी सिरिंजनं छोट्या बाटलीत घ्यायचं, त्यात चिमूटभर पूड आणि काही थेंब टाकले की ते गुलाबी होतं. मग दुसऱ्या सिरिंजमधून एकेक थेंब सोडत बाटली हलवत राहायचं. गुलाबी रंग जांभळट होतो आणि एका थेंबाला एकदम निळा. तिथं थांबायचं, किती खर्च झालं ते बघायचं आणि तक्त्यावरून आकडा वहीत लिहायचा. समुद्राच्या पाण्यात एका लिटरमागे सुमारे ४२० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. टँकमध्ये ४०० ते ४५० च्या मध्ये ठेवायचं. मेंदी भिजवताना रंग बघायची सवय असलेल्या बाईला हे काम जड नाही. मला ते आवडलंच.

पोवळं आपला सांगाडा पाण्यातून उचललेल्या कॅल्शियमनं बांधतं. समुद्रात ते कधी संपत नाही. घरातल्या पेटीत मात्र संपतं, कारण तीनशे लिटरांत तेवढंच असतं आणि खाणारे वाढत असतात. पण नुसतं कॅल्शियम घालून भागत नाही. त्याला जोडीला कार्बोनेट लागतं. पाण्यात ते किती आहे हे अल्कलिनिटीच्या आकड्यावरून कळतं; वहीत त्याला ‘केएच’ म्हणतात. समुद्रात तो आकडा सात-आठच्या आसपास असतो. मी सुनेला विचारलं, दोन दोन आकडे कशाला? ती म्हणाली, “अम्मी, पीठ भरपूर आहे आणि पाणीच नाही, तर भाकरी थापाल कशी?” मला पटलं. दोन्ही ठरलेल्या प्रमाणात खर्च होतात. वीस मिलिग्रॅम कॅल्शियम गेलं की केएचमधून २.८ जातं. आणि तिसरा मॅग्नेशियम, समुद्रात सुमारे १३००. तो पहिल्या दोघांना पाण्यातच एकमेकांना चिकटून बसू देत नाही. भात मोकळा व्हावा म्हणून आपण चमचाभर तेल घालतो, तसं त्याचं काम.

खर्च झालेलं भरून काढायची त्यांची पद्धत बघितली आणि मला हसू आलं. बाल्कनीजवळ भिंतीला एक बरणी टांगलेली, तिला सलाईनची नळी, नळीला ते चाक, आणि टँकमध्ये थेंब थेंब पडतोय. जणू टँक आयसीयूत भरती आहे. बरणीवर लेकानं इंग्रजी अक्षरांत काल्कवासर असं लिहिलं होतं. मी म्हटलं हे काय नवीन औषध? “जर्मन शब्द आहे अम्मी. काल्क म्हणजे चुना, वासर म्हणजे पाणी.”

“म्हणजे चुन्याची निवळी!”

तो माझ्याकडे बघत राहिला. त्याला हा शब्दच माहीत नव्हता.

माझी नानी दाभोळ खाडीच्या काठच्या गावची. पान खायची. तिच्या पानपुड्यात चुन्याची एक पितळी डबी असे आणि ती डबी हातात द्यायला आम्हा पोरांना बंदी होती. आमच्या त्या भागात सगळा जांभा. चुनखडी मिळणार कुठून? तेव्हा चुना खाडीतल्या शिंपल्यांचा व्हायचा. तिसऱ्या आणि मुळ्यांची टरफलं ढिगानं साठायची, ती भट्टीत भाजली की कळीचा चुना. पाण्यात टाकला की तो चुरचुरत फुटायचा, वाफ निघायची. घरात कुणाचं लहान मूल दूध टाकायला लागलं की नानी रात्री मडक्यात चुना भिजवून ठेवी. सकाळी चुना तळाला, वर काचेसारखं स्वच्छ पाणी. ती हलक्या हातानं वरचं पाणी ओतून घ्यायची. मडकं हललं तर पुन्हा ठेवून द्यायची, दुपारपर्यंत वाट बघायची, पण ढवळलेलं पाणी कधी घ्यायची नाही. त्याला निवळी म्हणतात ते याचमुळे. (तो जुना काळ होता. आज कुणी आपल्या तान्ह्याला हे पाजू नका, डॉक्टरकडे न्या.)

लेकाची पद्धतही तीच निघाली. एक लिटर शुद्ध पाण्याला साधारण दीड ग्रॅम चुना. त्याहून जास्त विरघळतच नाही, कितीही घाला, उरलेला तळाशी बसतो. तळाच्या साक्यात चुन्यातली सगळी अशुद्धता राहते, म्हणून नळीचं टोक साक्याच्या वर. वरून झाकण, कारण हवा लागली की पाण्यावर साय धरते, पांढरी, कुरकुरीत. टँकमधलं पाणी रोज तीनेक लिटर उडून जातं, मीठ मागे राहतं. जेवढं उडालं तेवढीच निवळी रात्रभर आत जाते. तेवढ्यानं कॅल्शियम दिवसाला आठ मिलिग्रॅम भरून निघतं आणि जोडीचं कार्बोनेटही. रात्रीच का, तर अंधारात पाण्यातली वनस्पती श्वास सोडत असते, पाणी आंबटाकडे झुकतं. चुना ते सावरतो. चुन्याचं पाणी फार तीव्र असतं. म्हणून थेंब. “अम्मी, थेंब थेंब,” सून रोज रात्री ते चाक फिरवताना म्हणायची. सेकंदाला साधारण दोन थेंब. ती मोजायची, ओठ हलत असायचे. मला वाटायचं तस्बीह पढतेय.

लेक मार्चच्या सुरुवातीला कामावर गेला. त्या आठवड्यात सुनेच्या शाळेत परीक्षा होत्या, ती पेपर तपासत मध्यरात्रीपर्यंत जागायची. मीच तिला म्हटलं, बरणीचं मी बघते. सोमवारी रात्री बरणी भरली, चाक सोडलं. मंगळवारी बघितलं तर बरणी भरलेलीच दिसली. मला वाटलं सुनेनं भरली असेल. तिला वाटलं मी भरली. बुधवारीही तेच. दोन बायका एका घरात एकमेकींवर विसंबल्या की कसं होतं ते वाचकांना मी काय सांगू.

गुरुवारी सकाळी दोघी शाळेत गेल्यावर मी तपासणी केली. कॅल्शियम ४२० वरून ३९८. केएच साडेआठवरून साडेपाच. हात थरथरला. पुन्हा केली, तेच. मग नळी बघितली. टोकाला चुन्याचा खडा धरून ती पूर्ण बुजली होती. तीन रात्री एक थेंबही गेला नव्हता.

यावेळी मी सुनेला फोन करायला हवा होता. पण परीक्षा चालू, तिला कशाला त्रास, असं मी स्वतःला सांगितलं. खरं कारण वेगळं. चूक माझ्याकडून झाली होती आणि ती यायच्या आत मला ती निस्तरायची होती. तीन दिवसांचं राहिलंय ना, मग तीन दिवसांचं एकदम देऊ. मोठं भांडं घेतलं, बरणीतली निवळी त्यात ओतली. तळाशी दोन बोटं पांढरा साका उरला. आता ज्या बाईनं आयुष्यभर ताकाचं भांडंसुद्धा विसळून प्यायलंय, तिला तो साका टाकवेल? त्यात तर खरा चुना आहे, वरचं नुसतं पाणी! मी तो ढवळला आणि सगळं भांडं टँकमध्ये ओतलं.

नानी जिवंत असती तर तिनं माझा हात धरला असता.

आधी काही झालं नाही. मग चुना पडला होता तिथून पांढरे ढग निघाले, आणि पाच-सात मिनिटांत पूर्ण टँक ताकासारखा झाला. समोरचा खडक दिसेना. मी काचेला नाक लावून मासे शोधत राहिले.

झालं काय होतं ते नंतर कळलं. इतका चुना एकदम गेला की पाण्याची तीव्रता चढते, आणि मग कॅल्शियम व कार्बोनेट पोवळ्यापर्यंत पोहोचायच्या आधीच पाण्यातच एकमेकांना धरून खडू होतात आणि खाली बसतात. म्हणजे मी जे वाढवायला गेले ते आणखी कमी झालं. संध्याकाळी मोजलं तेव्हा कॅल्शियम ३८० होतं आणि केएच पाच. भांडंभर घालून!

सून तीनला आली. दारातूनच तिचं लक्ष टँककडे गेलं. हातातली पिशवी तशीच ठेवून ती धावली. “अम्मी, काय झालं? काही घातलंत का यात?”

मी म्हणाले, “नाही.”

हे लिहितानाही माझे कान गरम होतात. पांढऱ्या केसांची बाई, पाच वक्तांची नमाजी, आणि पोरीसारख्या सुनेसमोर तोंडातून सरळ ‘नाही’ निघून गेलं. तिनं माझ्यावर विश्वास ठेवला. कुणी काही घातलं नाही म्हणजे बॅक्टेरिया वाढले असणार, असा तिनं अंदाज केला. त्यासाठी हवेचा पंप लावला, फिल्टर धुतला, पाणी जोरात फिरवलं. पाणी फिरवल्यावर खाली बसलेला साका पुन्हा वर आला. दोन तास ती चुकीच्या दुखण्यावर इलाज करत होती आणि मी मागे उभी राहून तिला टॉवेल देत होते.

असरची नमाज झाली. सलाम फिरवला आणि मुसल्यावरून उठवेना. हे लेकरू माझ्याकडे अमानत म्हणून दिलं होतं, आणि खोटं बोलून मी त्याचं औषधही अडवून ठेवलं होतं. स्वयंपाकघरात गेले. म्हटलं, “बेटा, मी चुना ओतला. सगळा. साक्यासकट.”

तिनं वळून पाहिलं. मला वाटलं आता बोलेल. ती काहीच बोलली नाही, फळीवरचा व्हिनेगर काढला. साधा पांढरा, आपण लोणच्यात घालतो तो. मापट्यानं मोजून थोडा थोडा पंपाच्या तोंडाशी सोडला. आंबटानं चुन्याची तीव्रता उतरते. मग बाथरूममध्ये तयार करून ठेवलेलं खारं पाणी, पंचाहत्तर लिटर, आम्ही दोघींनी बादल्यांनी बदललं. माझ्या उजव्या मनगटात कळ येत होती, तिला ते दिसलं, तिनं बादली माझ्या हातातून घेतली. तेव्हा मात्र बोलली. “सकाळीच सांगितलं असतंत तर... जाऊ दे. तुम्ही बसा.” त्या ‘जाऊ दे’चं ओझं बादलीपेक्षा जास्त होतं.

मासे वाचले. बारीकसारीक पोवळी दोन दिवसांत उघडली. अ‍ॅक्रोपोरा मात्र बुडापासून पांढरा पडत गेला. रोज सकाळी फजरनंतर मी बॅटरी घेऊन बघायची; रेघ एकेक बोट वर सरकलेली असायची. जिवंत कातडी सोलून खाली नुसतं हाड. चौथ्या दिवशी जांभळी टोकंही गेली. नातीनं विचारलं, “दादी, मेलं का?” मी हो म्हटलं. कुणामुळे, तेही सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग वहीत त्या तारखेसमोर एक फूल काढून ठेवलं.

लेकाला फोनवर मीच सांगितलं. आधी शांत झाला. मग म्हणाला, “अम्मी, पहिल्या वर्षी मी पण हेच केलं होतं. साका सोडून.” तेवढ्या दुःखातही त्याला चिडवायचं सुचलं, यावरून मला कळलं की तो फार रागावलेला नाही. तीन वर्षं वाढवलेलं होतं त्यानं ते.

त्याच आठवड्यात सुनेला माझ्या बॅगेत कॅल्शियमच्या गोळ्या सापडल्या. चार पाकिटं, पैकी साडेतीन भरलेली. तिनं ती टेस्ट किटच्या शेजारी आणून ठेवली आणि विचारलं, “ह्या कधी घेता?” मी म्हटलं, घेते की, आठवण झाली की राहिलेल्या दोन-तीन मिळून एकदम घेते. बोलून गेले आणि आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. ती आधी हसली. मग मी. त्या गुरुवारनंतर घरात पहिल्यांदा हसण्याचा आवाज आला.

गोळीच्या पाकिटावर लिहिलं होतं, कॅल्शियम कार्बोनेट. पोवळ्याचा सांगाडाही तोच, तिसऱ्यांचं टरफलही तेच. पाठोपाठ सुनेनं आपल्या ओळखीच्या डॉक्टरीणबाईंना फोन लावून माझ्या कानाला दिला. त्यांनी सांगितलं की शरीर एका वेळी पाचशे मिलिग्रॅमच्या आतबाहेरच नीट शोषून घेतं, एकदम जास्त घेतलं तर वाया जातं. ही गोळी जेवणाबरोबर घ्यायची. आणि ‘ड’ जीवनसत्त्व नसेल तर कितीही गिळली तरी हाडापर्यंत पोहोचत नाही. दुसरं पाकीट, ‘ड’वालं, तर मी चिपळूणलाच विसरून आले होते. आपल्या बायकांचं हे नेहमीचंच. घरातल्यांच्या गोळ्यांच्या वेळा तोंडपाठ, स्वतःच्या पाकिटावरची तारीख उलटून गेलेली. ऊन म्हणाल तर पहाटे आणि संध्याकाळी अंगणात, तेही बुरख्यात. भर दुपारी आपण आत.

नातीनं वहीत चौथा रकाना आखला. कॅल्शियम, केएच, मॅग्नेशियम, आणि दादी. २३ मार्चला रमजान सुरू झाला, तेव्हा एक गोळी इफ्तारनंतर जेवताना आणि एक सहरीला. तरावीह आटोपून सून बरणीचं चाक सोडायची आणि मी शेजारी उभी राहून नळीचं टोक जुन्या टूथब्रशनं घासून द्यायची. नळी व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवायची युक्ती माझी. किटलीचा पांढरा थर तसाच काढतात, हे मला शारजातच कळलं. आपल्याकडे जांभ्यातल्या विहिरीचं पाणी इतकं मऊ की किटलीला तसला थर कधी धरतच नाही.

एप्रिलच्या सुरुवातीला परत निघाले. अ‍ॅक्रोपोराचा तो पांढरा सांगाडा मला आठवण म्हणून हवा होता. नानीच्या डबीशेजारी ठेवला असता. लेकानं साफ नाही म्हटलं. मेलेलं असलं तरी परवान्याशिवाय प्रवाळ सरहद्दीपलीकडे नेता येत नाही, कस्टममध्ये पकडलीस तर ‘आठवण’ म्हणून सांगणार आहेस का, असं म्हणाला. मग तो टँकमध्येच, होता त्या खडकावर राहिला.

चिपळूणला आल्यावर डॉक्टरांना जुनी चिठ्ठी दाखवली. ते रागावले, रागवायलाच हवं होतं. ‘ड’ची मात्रा पुन्हा ठरवून दिली, वर्षानं हाडांची तपासणी करायला सांगितली. सकाळी दहाच्या सुमारास मी आता माडीच्या गच्चीवर अर्धा तास उन्हात बसते, बाह्या कोपरापर्यंत वर करून. जिना चढताना आठवी पायरी आली की पाय आपोआप थांबतो. भिंतीवर पुराची रेघ अजून आहे. ह्यांना तिथं रंग लावायचा नाही.

गुरुवारी संध्याकाळी शारजाहून मेसेज येतो. आता तो सून पाठवते, लेक नाही. तीन आकडे असतात आणि चौथ्या जागी लिहिलेलं असतं, ‘अम्मी?’ मी दिवसाच्या दोन गोळ्या घेतल्या असतील तर बरोबरची खूण पाठवते. एकदा घेतल्या नव्हत्या. बोट खुणेवर गेलं होतं. मग लिहिलं, ‘आज सकाळची राहिली.’ तिचं उत्तर आलं, ‘उद्या एकच घ्या. दोन नाही.’

परवा आकड्यांबरोबर एक फोटो आला. माझ्या हाताएवढा तो मेलेला सांगाडा आता पांढरा राहिलेला नाही. बुडापासून फांद्यांपर्यंत गडद गुलाबी थर चढला आहे, आपल्याकडे खडकावर कालवं धरतात तसा घट्ट. पोवळ्यासारखंच कॅल्शियम घेऊन दगडावर पसरणारं शेवाळ आहे ते. एका फांदीच्या बेचक्यात त्यांनी नवा तुकडा चिकटवला आहे, नातीच्या अंगठ्याएवढा. खाली सुनेनं लिहिलं होतं, ‘मध्ये रात्री दोनच लिटर निवळी पुरत होती. आता पुन्हा तीन लागते.’